भूखीबाई, जरा हद्दीत राहा!

श्रीमती भूखीबाई कांस यांस,
मुक्काम छाणी–निजामपुरा–फतेगंज, बडोदे.

सा. न. वि. वि.

पावसाळा आला की आपण विनापरवाना आमच्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये येता, दोन-तीन दिवस मुक्काम ठोकता आणि जाताना भाडे म्हणून गाळ ठेवून जाता, याबद्दल हे निषेधाचे पत्र. परगावच्या वाचकांसाठी सांगायला हवे, की बडोद्यात पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या ओढ्याला कांस म्हणतात. आपण त्यांतल्याच एक. उत्तरेकडच्या वस्तीतले पाणी गोळा करून विश्वामित्री नदीच्या ओटीत घालायचे, एवढेच आपले काम. पाऊस सरला की आपल्यात सांडपाण्याखेरीज फारसे काही नसते. अशा किरकोळ बाईने चार महिने नदीचा तोरा मिरवावा, हे आम्हा करदात्यांना पटत नाही. सात-बारावर आपले नाव नाही, घरपट्टीची पावती नाही. मग हद्द कशाच्या आधारे सांगता?

अडचण अशी, की आपली कागदपत्रे तलाठ्याकडे नसून जमिनीत आहेत. महाराजा सयाजीरावांच्या काळात रॉबर्ट ब्रूस फूट यांनी बडोदे संस्थानाची भूशास्त्रीय पाहणी केली आणि त्यांचा ग्रंथ 1898 साली निघाला. तेव्हापासून हे दप्तर कुणालाही उघडून पाहता येते. पूर्वेला पावागड, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा; अंगाने काळा बेसाल्ट, माथ्याकडे फिकट ऱ्हायोलाइट. तिथून बडोद्याकडे उतरू लागले की खडक गाळाखाली गडप होतो. शहर उभे आहे ते या गाळावर. विश्वामित्रीची दरड जिथे ताजी ढासळलेली असते तिथे जवळून पाहावे. तपकिरी माती बोटांत चुरडली की पिठासारखी होते; तिच्यात आल्याच्या गाठींसारखे वेडेवाकडे, पांढरट, चुन्याचे कंकर; मध्येच वाळूचा एखादा पट्टा. तो पट्टा म्हणजे पाणी इथे येऊन, थांबून गेल्याची नोंदच. थोडक्यात, ज्या जमिनीवर पाऊल टाकू नका असे आम्ही आपल्याला बजावतो, ती आपल्याच घराण्याने डोक्यावरून वाहून आणलेली आहे. (ही गोष्ट कृपया बिल्डर मंडळींना कळवू नये, उगाच वाहतुकीचे बिल मागाल, असे त्यांना वाटेल.)

शिवाय उतार. बडोदे समुद्रसपाटीपासून जेमतेम 35-40 मीटर उंचीवर, आणि खंभातचे आखात साठ-सत्तर किलोमीटर दूर. म्हणजे किलोमीटरमागे अर्धा मीटरभर उतार, आणि नदीची वळणे धरली तर तेवढाही नाही. इतक्या सपाटीवर पाणी सरळ पळत नाही. ते वळसे घेते, काठच्या घळींमध्ये शिरते, सखल जागी पसरून वाट पाहते. ही वाट पाहण्याची जागाच आम्ही पडीक समजून भराव घालून विकली. नाव आपले भूखी, पण गिळले कुणी कुणाला, हा प्रश्न पत्राच्या विषयाबाहेरचा म्हणून सोडून देतो.

आता यावर आमचे शहाणे म्हणतात, दोष भूखीचा नाही, आजव्याचा. आजव्याच्या धरणाचे, म्हणजे सयाजी सरोवराचे, 62 दरवाजे प्रसिद्धच आहेत. तिथून पाणी आले म्हणून शहर बुडाले. यात तथ्य नाही असे नाही. पण 31 जुलै 2019 ला शहरावरच एका दिवसात सुमारे 500 मिलिमीटर पाऊस पडला. हिशेब सोपा आहे: एक हेक्टरच्या सोसायटीवर 50 लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे पाचशे टँकर, तेही न मागवता. हे पाणी आजव्याचे नव्हते, आमच्याच गच्चीचे होते. पेव्हर ब्लॉक बसवलेल्या अंगणात ते मुरणार कुठे? ते आपल्याकडेच येणार.

दुसरा आक्षेप अधिक आधुनिक आहे. भूखीला सरळ करा, दोन्ही बाजूंनी काँक्रीटच्या भिंती घाला, वर झाकण टाका. पाणी झरकन निघून जाईल, वर रस्ताही मिळेल. मध्यम पावसासाठी हे खरेही ठरेल. पण झरकन निघून जाईल ते कुठे? विश्वामित्रीत. आणि विश्वामित्रीच तुडुंब असेल तर? ऑगस्ट 2024 मध्ये शहरातल्या काळा घोडा पुलापाशी नदी 35 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी त्याहून जवळजवळ दहा फूट खाली. अशा वेळी लहान ओढ्याचे तोंड बंद होते. त्याचे पाणी नदीत पडत नाही, उलट नदीचे पाणी ओढ्यातून वर चढते. मग काँक्रीटची गुळगुळीत पेटी हा निचऱ्याचा मार्ग न राहता नदीला थेट निजामपुऱ्यात आणणारा पाइप ठरतो. कच्च्या काठाचा, वेडावाकडा, झाडोऱ्याने अडलेला ओढा निदान ते पाणी उशिरा आणि थोडे थोडे सोडतो. आम्ही ज्याला आपला गलथानपणा म्हणत होतो, ते आपले कामच होते, हे या निषेधपत्रात कबूल करावे लागते, याचा खेद वाटतो.

तेव्हा विनंती एवढीच, की आपली मूळ रुंदी किती, पुराच्या वेळची किती, आणि दोन्ही काठांच्या कोणकोणत्या घळी आपल्या, हे आपण एकदा स्वच्छ अक्षरात कळवावे. म्हणजे पुढच्या नकाशात आपल्याला फक्त निळी रेघ न देता थोडी जागाही द्यावी का, यावर आम्ही एखादी समिती तरी नेमू.

कळावे, लोभ असावा. पायरीखालीच असला तर उत्तम.

आपला,
तळमजल्यावरील एक नागरिक

ता. क. : येताना विश्वामित्रीतल्या मगरींना सोबत आणू नये. 2024 च्या खेपेस त्यांतली एक घराच्या छपरावर आढळली होती. अंडी घालायला त्यांना मातीचा उतरता काठ लागतो म्हणे. भिंतींच्या आराखड्यात तशी सोय नाही, हे त्यांना आपणच समजावून सांगावे. आमचे त्या ऐकत नाहीत.