सत्तर चौरस फुटांचं वतन

पुण्याच्या सदाशिव पेठेत घराचा चौरस फुटाचा भाव पाच आकडी झाल्याला बरीच वर्षं लोटली. त्याच पेठेत चार मीटरची छोटी मोटार रस्त्याकडेला उभी राहिली, की सत्तरएक चौरस फूट जागा अडते. भाडं शून्य. पेशव्यांच्या काळी वतनाला निदान सनद लागायची. आता एक फुटकी कुंडी पुरते.

कुंडी नसेल तर दोन विटा, विटा नसतील तर पाय मोडलेली खुर्ची. पण सगळ्यांत भरवशाची ती बंद पडलेली स्कूटर. टायर बसलेले, आरसे गेलेले, सीटवर मांजर झोपलेलं. तिला काम एकच: मालकाची मोटार संध्याकाळी परत येईपर्यंत जागा धरायची.

खरा मुत्सद्दी वतनदार मात्र मोटार हलवतच नाही. लक्ष्मी रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं, की सकाळी अकराला गाडी काढली तर अकरा वाजून एक मिनिटानं तिथे वडगाव शेरीहून शालू घ्यायला आलेलं कुटुंब उतरणार आणि दुपारच्या जेवणानंतरच उठणार. मग लग्नाला रिक्षा, दवाखान्याला रिक्षा. मंडईला भुयारी मेट्रो आल्यापासून तर गाडी बाहेर काढायला सबबच उरलेली नाही. हप्ते चालू, मोटार बंद. बॅटरी उतरू नये म्हणून रविवारी ती जागच्या जागी दहा मिनिटं सुरू करतात आणि घरचे सगळे गॅलरीतून समाधानानं बघतात.

यात सम-विषम तारखांची भानगड आहे. एका तारखेला या बाजूला, दुसऱ्या तारखेला समोर. नियम वरकरणी समन्यायी दिसतो, पण ३१ नंतर १ येते आणि दोन्ही विषम. असे महिने सात. म्हणजे साध्या वर्षात विषम तारखा १८६ आणि सम १७९. एका बाजूला वर्षाकाठी सात दिवस जास्त मिळतात आणि त्यावर अजून एकही मोर्चा निघालेला नाही, हे पेठांच्या लौकिकाला शोभत नाही.

मोर्चे निघाले ते वेगळ्या कारणासाठी. २०१८ मध्ये आरटीओकडे नोंदलेली वाहनं शहरातल्या माणसांपेक्षा जास्त झाली आणि त्याच वर्षी मार्चमध्ये महापालिकेनं रस्त्यावरच्या पार्किंगला पैसे आकारण्याचं धोरण मंजूर केलं. त्यावर असा गहजब झाला, की धोरण आधी पाच रस्त्यांच्या प्रयोगापुरतं आखडलं आणि मग वर्षानुवर्षं रखडलं. जागा नाही अशी ओरड करणाऱ्यांना मंडईतले वाहनतळ दिसत नाहीत, असंही नाही. आर्यन आणि मिनर्व्हा ही चित्रपटगृहं गेली, त्यांच्या जागी वाहनतळ आले, जुनी नावं अजून लोकांच्या तोंडी आहेत. अडचण एवढीच, की तिथे पावती फाडावी लागते. टंचाई जागेची आहेच, पण त्याहून मोठी टंचाई फुकट जागेची आहे.

जपानात १९६२ पासून याचा कायदा आहे. घरापासून दोन किलोमीटरच्या आत गाडी ठेवायला जागा असल्याचा पोलिसांचा दाखला आणल्याखेरीज सहसा मोटारीची नोंदणी होत नाही. मे २०२५ मध्ये महाराष्ट्राचे परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनीही असाच विचार बोलून दाखवला. पेठेत तो अमलात आला, तर अर्जासोबत कुंडीचा फोटो स्वसाक्षांकित करून जोडला जाईल.

ज्यांना कुंडी ठेवण्यापुरताही रस्ता उरला नाही, ती नारायण आणि शनिवार पेठेतली मंडळी थेट मुठेच्या पात्रात उतरली आहेत. भिडे पुलाच्या आसपास मोटारी ओळीनं उभ्या असतात. पावसाळ्यात खडकवासल्यातून विसर्ग वाढतो, पूल पाण्याखाली जातो, पोलीस ध्वनिक्षेपकावरून ओरडतात, आणि तरीही दोन-चार गाड्या टपापर्यंत बुडाल्याचा फोटो दुसऱ्या दिवशी छापून येतोच. नदीनं मात्र आपलं वतन अजून कुणाच्या नावावर केलेलं नाही. तेव्हा विसर्गाची सूचना आली, की गाडी वेळेत वर आणा आणि त्या रात्रीपुरती वाहनतळाची पावती फाडा. चिखल भरलेलं इंजिन उघडण्यापेक्षा ती नक्कीच स्वस्त पडते.