नाव घ्या, नाव!

आमच्या भाऊंना फोन करून ‘हॅलो, मी बोलतोय’ म्हटलं, की पलीकडून थंडपणे उत्तर येतं, ‘ते ऐकू येतंय. कोण?’ आवाज ओळखलेला असतो, तरीही. एकदा सख्ख्या मेहुण्याला त्यांनी आडनावासकट नाव सांगायला लावलं, तेव्हापासून मेहुणा थेट बहिणीच्याच नंबरवर फोन करतो.

भाऊ तलासरी तालुक्यातल्या उधव्याचे. नोकरी वापीकडच्या एका कारखान्यात, डेटाबेस सांभाळण्याची. गावात विचाराल तर ‘कंपनीत कॉम्प्युटर बघतात’ एवढीच त्यांची ख्याती. त्यामुळे प्रिंटर अडकला किंवा आधारला मोबाइल जोडायचा राहिला, की माणसं त्यांच्याच ओट्यावर येऊन बसतात. ‘काय झालं?’ ‘चालत नाही.’ ‘काय चालत नाही?’ ‘ते.’ हा संवाद भाऊंच्या आयुष्यात इतक्या वेळा झाला आहे, की कर्ता नसलेलं वाक्य ऐकलं तरी त्यांना आम्लपित्त होतं.

नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरी पट्ट्यात भूकंपाचे धक्के सुरू झाले. धुंदलवाडीचं नाव रोज पेपरात. 1 फेब्रुवारी 2019 ला तर 4.1 चा बसला. त्या दिवसांत रात्री-अपरात्री घरं रिकामी व्हायची, सगळे अंगणात. लोक देवाचं नाव घेत, भाऊ विचारत, ‘आला कुठून?’ शेजारचे आजोबा म्हणाले, ‘जमिनीतून. अजून कुठून येणार?’ भाऊंना ते पुरेसं वाटलं नाही. शास्त्रज्ञांनी त्या भागात भूकंपमापक बसवले तेव्हा कुठे त्यांचा जीव खाली पडला. धक्के थांबले नव्हते, पण आता प्रत्येक धक्क्याला आपला पत्ता द्यावा लागत होता.

आमच्या ऑफिसात त्यांची लढाई स्टोअर्ड प्रोसिजरशी. म्हणजे डेटाबेसच्या पोटातच लिहून ठेवलेलं कामकाज. बाहेरून नुसतं ‘बिल कर’ म्हणायचं. आत एक फंक्शन दर काढतं, ते दुसऱ्याला हाक मारतं, दुसरं जीएसटी लावतं, तिसरं बेरीज करतं. सगळं सुरळीत झालं तर बिल बाहेर येतं. नाही झालं तर आमच्याकडे एकच वाक्य यायचं: ‘काहीतरी चुकले आहे.’ आधीच्या कुणा पुण्यवंताने प्रत्येक फंक्शनवर एक्सेप्शनची गोधडी पांघरून ठेवली होती. मूळ चूक गोधडीत गुदमरायची आणि बाहेर फक्त हुंदका ऐकू यायचा. तीनशेच्या वर फंक्शनं, हुंदका सगळ्यांचा सारखा.

मग आम्ही शहाणे झालो आणि प्रत्येक फंक्शनच्या संदेशात त्याचं नाव हातानं टाईप केलं. ‘दर_काढा: चूक’. छान चाललं. मार्चअखेरच्या एका रात्री गाड्या दारात उभ्या, बिलं अडलेली आणि लॉगमध्ये ओळीमागून ओळ: ‘दर_काढा: चूक. दर_काढा: चूक.’ भाऊंनी दर_काढा उलटंपालटं करून पाहिलं. निर्दोष. पुन्हा पाहिलं. पहाटे चारला चहाचा पाचवा कप खाली ठेवून ते म्हणाले, ‘हा खोटं नाव सांगतोय.’ तसंच निघालं. कुणीतरी दर_काढा कॉपी करून त्याचं सूट_काढा केलं होतं, आतल्या संदेशातलं नाव मात्र बदलायला विसरला होता. चोर दुसऱ्याच्या नावाने ओरडत होता. (कॉपी मी केली होती. हे भाऊंना ठाऊक आहे. चारचौघांत ते काढत नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.)

सकाळी त्यांनी मला खिशातून बँकेचं एक पत्र काढून दाखवलं. पत्त्यात ‘जि. ठाणे’. पालघर जिल्हा होऊन किती वर्षं झाली? 1 ऑगस्ट 2014. ‘हातानं लिहिलेलं नाव असं असतं,’ भाऊ म्हणाले. ‘जिल्हा बदलला, यांच्या यंत्राला पत्ता नाही. नाव ज्याचं त्यानंच, त्या क्षणी सांगितलं पाहिजे.’

गंमत म्हणजे त्याच 2014 च्या डिसेंबरात पोस्टग्रेसची, म्हणजे आमच्या डेटाबेसची, 9.4 आवृत्ती आली आणि तिच्यात ही सोय झाली. फंक्शनच्या आत ‘गेट डायग्नॉस्टिक्स’ म्हणायचं आणि ‘पीजी कॉन्टेक्स्ट’ मागायचा. मग ते सांगतं, मी अमुक फंक्शन, तमुक ओळीवर आहे, मला हाक मारली अमक्याने, त्याला तमक्याने. थेट आजोबा-पणजोबापर्यंत. अडचण एवढीच, की हे सगळं एका लांबलचक मजकुरात येतं आणि त्यातून नेमकं नाव चिमट्याने उपटावं लागतं. भाऊंनी त्यासाठी रेग्युलर एक्स्प्रेशनची एक ओळ लिहिली. ती ओळ त्यांच्याशिवाय कुणालाही वाचता येत नाही, आणि सोमवारी सकाळी त्यांनाही येत नाही.

इतर डेटाबेसांचे स्वभावही भाऊंना पाठ. एसक्यूएल सर्व्हर सरळमार्गी: प्रोसिजरला स्वतःचा आयडी ठाऊक असतो, त्यावरून नाव काढून घ्या. जुनं ओरॅकल मात्र खानदानी. पॅकेजच्या आतल्या प्रोसिजरला विचारलं, तर ती पॅकेजचं नाव सांगायची. ‘वाड्यातून बोलतेय’ एवढंच. वाड्यातली कोण, ते ओळ क्रमांकावरून तुम्हीच शोधा. 2013 च्या 12सी आवृत्तीपासून तिथेही कॉल स्टॅकमधून, म्हणजे हाकांच्या साखळीतून, आतलं नाव मिळू लागलं. त्या बातमीने भाऊंना झालेला आनंद आमच्या ऑफिसात ओरॅकल नसल्यामुळे निव्वळ निःस्वार्थी होता.

ही सगळी भानगड नवीन आलेल्या मुलीने एका वाक्यात निकालात काढली. ‘म्हणजे उखाणाच की, भाऊ. नाव घेतल्याशिवाय उंबरा ओलांडू द्यायचा नाही.’ भाऊ खुर्चीतच थरारले. इतकी वर्षं ते ज्याला आर्किटेक्चर म्हणत होते, ती घरची रीत निघाली. दुसऱ्या दिवशी तिने चाचणीच्या लॉगमध्ये ओळ टाकली:

‘चिकूच्या फांदीला पानोपानी ऊन,
जीएसटीचं नाव घेते, चलनाची सून.’

भाऊंनी ही ओळ मोठ्याने वाचली, पुन्हा वाचली, आणि ती काव्य म्हणून न तपासता तांत्रिकदृष्ट्या तपासली. ‘बरोबर आहे. फंक्शन जीएसटी, हाक मारणारं चलन. पण ओळ क्रमांक कुठाय?’

2023 साली पोस्टग्रेस 16 आलं. त्यात फंक्शन आपला ओळख क्रमांक थेट सांगतं. त्याला ‘रेगप्रोसिजर’ मध्ये बदललं, की नाव मिळतं, तेही वडिलांच्या नावासकट. म्हणजे कोणकोणते पॅरामीटर घेतं त्यासकट. एकाच नावाची दोन फंक्शनं असू शकतात, तेव्हा हे लागतंच. भाऊंनी नवी आवृत्ती बसवायचा अर्ज साहेबांकडे दिला. साहेबांनी विचारलं, ‘याने उत्पादन वाढेल का?’ भाऊ म्हणाले, ‘नाही, झोप वाढेल.’ अर्ज विचाराधीन आहे.

अतिरेक व्हायचा तो झालाच. उत्साहाच्या भरात भाऊंनी नाव घेण्याची सक्ती शेवटच्या फंक्शनपर्यंत नेली, आणि एका दुपारी ते नाव लॉगमध्ये न थांबता गेटवरच्या प्रिंटरपर्यंत गेलं. गेटपासच्या जागी चिठ्ठी निघाली. ट्रक ड्रायव्हर ती हातात धरून थेट ऑफिसच्या दारात: ‘ही चलन_बेरीज_नवी_फायनल_2 कोण बाई आहे? माझी गाडी तिनं अडवलीय. तिला बाहेर बोलवा.’

भाऊ ओशाळले. आतलं नाव आतच राहिलं पाहिजे. बाहेरच्याला फक्त तक्रार क्रमांक द्यावा, नाहीतर घरातली मांडणी परक्याला कळते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. संध्याकाळपर्यंत त्यांनी ते दुरुस्तही केलं. गाडी मात्र त्याआधीच, अकरा मिनिटांत सुटली होती. चिठ्ठीवर नाव होतं, ओळ क्रमांकही होता.