पाटोद्याची डोलकाठी

बीड जिल्ह्याला समुद्र नाही, याबद्दल आमची काही तक्रार नाही. आधी नळाला पाणी येऊ द्या, मग समुद्राचं बघू. वारा मात्र मुबलक. बालाघाटाच्या पठारावर तो असा सुटतो की धोतरवाल्या माणसाला दोन्ही हात मोकळे सोडून चालता येत नाही. हा वारा फुकट चाललाय हे कुणाच्या तरी ध्यानात आलं आणि पाटोद्याकडच्या माळांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्यातल्या एकीच्या डोक्यावर माझा भाचा नोकरी करतो.

"मामा, एकदा येऊन बघा तरी," हा त्याचा निरोप. "जा, आणि त्याला म्हणावं खाली बसून करायची नोकरी बघ," हा ताईचा. असे दोन निरोप एकाच पिशवीत घालून मी उन्हाळ्यातल्या एका पहाटे बीडहून निघालो. मांजरसुंब्याचा घाट चढला की रबडीची दुकानं लागतात. ती बंद होती, त्यामुळे निसर्गाकडे लक्ष देणं भाग पडलं. तांबडं फुटत होतं, नायगावच्या मयूर अभयारण्याच्या अंगाने मोर ओरडत होते, आणि लांबवर पाती फिरत होती. एकच चक्की हाताची घडी घालून गप्प उभी होती. तीच आमची.

भाच्यासोबत नेव्हीवाले काका होते. नौदलातून निवृत्त होऊन गावी शेती करायला आले. शेतीने त्यांचं जे करायचं ते केल्यावर इथे सुरक्षेचं काम पाहू लागले. समुद्र सुटला होता, भाषा सुटली नव्हती. टॉवरला ते डोलकाठी म्हणत आणि जीपच्या उजव्या दाराला स्टारबोर्ड.

"बिघडलंय काय?" मी विचारलं.

"वर टपावर वाट्यांची भिंगरी असते, वाऱ्याचा वेग मोजणारी. ती अडकलीय," भाचा म्हणाला.

"मग एवढं धूड कामून बंद?"

"वारा किती ते कळल्याशिवाय मशीन चालत नाही, मामा."

म्हणजे सदरा फडफडत होता, माझी टोपी एव्हाना शेजारच्या वावरात पोचली होती, पण नोंद शून्य. नोंद नाही म्हणजे वारा नाही. आयुष्यभर सरकारी नोकरी केल्यामुळे मला हे ताबडतोब पटलं.

"अशीच भिंगरी शिडाच्या बोटीच्या डोलकाठीवर असते," काका सुरू झाले. "नौदलाच्या 'तारिणी'ची काठी 25 मीटर. ही 80. पण ही जमिनीत रोवलेली आहे. तिथे बोट खाली जराशी कलली, तरी टोकावरचा माणूस या आभाळातून त्या आभाळात जातो. आणि शिडी कुठली? झोळीसारख्या खुर्चीत बसायचं, शीड चढवायच्या दोराला ती अडकवायची, आणि डेकवरचा गडी रहाटावर दोर गुंडाळत तुम्हाला वर घेणार. आदल्या रात्री त्याच्याशी भांडण झालेलं नसावं."

"आणि डेकवर कुणीच नसेल तर?"

काकांना हाच प्रश्न हवा होता. "अभिलाष टॉमी! 2018 ची गोल्डन ग्लोब शर्यत, जगाला एकट्याने वळसा. गोव्यात बांधलेली 'थुरिया' बोट. दक्षिण हिंदी महासागरात वादळाने ती उलटीपालटी केली, डोलकाठी मोडली, हा काठीवरून खाली आपटला. पाठीचे मणके गेले. फ्रेंच जहाजाने येऊन उचलला. बरं, मग माणसाने घरी बसावं? 2022 ला पुन्हा त्याच शर्यतीत निघाला, 2023 मध्ये दुसरा आला!"

ही गोष्ट ताईच्या कानावर जाता कामा नये, हे मी तिथल्या तिथे ठरवलं.

भाच्याने पट्टे चढवायला घेतले. मांड्यांभोवती, छातीवर, खांद्यांवरून. मग दोन आखूड दोर, दोन्हींच्या टोकाला कड्या. टपावर गेल्यावर एक कडी रेलिंगला अडकली की मगच दुसरी सोडायची. पाना, पेचकस, सगळं दोरीने कमरेला. 80 मीटरवरून सुटलेला पाना खाली कुणाचा मामा उभा आहे हे बघत नाही. प्रशिक्षण नसलेल्याने शिडीला हात लावायचा नाही, हा नियम काकांनी मला मोठ्या दिलगिरीने सांगितला; मी त्याहून मोठ्या दिलगिरीने ऐकला.

भाचा बुंध्याच्या दारातून आत गेला आणि नाहीसा झाला. वॉकीटॉकीवर त्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता. पोलादी नळीत, उन्हाळ्यात, सरळ उभी शिडी. एवढी चढण मी सप्तशृंगीलाही एका दमात केलेली नाही, आणि तिथे निदान पायऱ्या आहेत.

बऱ्याच वेळाने वरून साखळीचा आकडा खाली आला. त्याला नवी भिंगरी आणि जेवणाचा डबा असलेली पिशवी लावायची होती. पिशवीचं तोंड मी दोरीने बांधलं. काकांनी गाठ हातात घेतली, हिसका दिला, उलटी करून पाहिली, पुन्हा हिसका दिला.

"कुठे शिकलात?"

"विहिरीवर. पोहरा आत गेला तर आजी जेवायला वाढत नसे."

काकांनी एवढंच म्हटलं, "जाऊ द्या वर." नौदलाकडून मिळालेला हा माझा पहिला आणि बहुधा शेवटचा शेरा.

टपावर नारिंगी ठिपका उगवला. तो ओणवा झाला, सरकला, परत ओणवा झाला. माझी मान अवघडली तरी नजर काढवेना. एवढ्यात मेंढरं घेऊन एक म्हातारबा आले आणि त्यांनी माझ्याहून जास्त सूचना द्यायला सुरुवात केली. मला बरं वाटलं. खाली उभं राहणाऱ्याला आपण एकटेच बिनकामाचे आहोत असं वाटू नये.

भाचा घामाने निथळत उतरला. खालच्या कपाटातली बटणं दाबली. वरचं धूड कुरकुरत वाऱ्याकडे तोंड करून वळलं आणि पाती सावकाश हलायला लागली.

"केली का चालू?" म्हातारबा नाराजीने म्हणाले. "पावसाळ्यात बंद ठेवा म्हणावं. ढग पळवायलीय ही."

ही समजूत महाराष्ट्रात बऱ्याच गावांत आहे. काकांनी समजावलं, "बाबा, पाती ढगापर्यंत पोचतच नाहीत."

म्हातारबांनी वर बघितलं, अंदाज घेतला.

"मग अजून उंच करा की. एखादा खाली तरी ओढता येईल."