मे महिन्यातला ढग

संगणकाची भाषा घडवणाऱ्यांना जंगलाची भारी हौस असावी. झाड, मूळ, फांदी, पान, ओंडका, किडा, कोळी, अजगर... वनखात्याच्या डेपोवर धाड घालून माल उचलावा तसे शब्द उचललेत. पुण्या-मुंबईत ते खपून जातं. तिथे झाड म्हणजे कुंडी. मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावी संगणक शिकवतो. गावाबाहेर पडलं की ताडोबाचं बफर. इथे ‘रेंज’ म्हटलं की आधी वनपरिक्षेत्र आठवतं, मग मोबाईल.

एकदा फळ्यावर फोल्डरांचं झाड काढलं. मूळ वर, फांद्या खाली. सिंदेवाहीकडचा एक पोरगा मान वाकडी करकरून बघत होता. त्याचा बाप कूपात सागवान तोडायला जातो. म्हणाला, “सर, हे वाऱ्यानं उलटलेलं हाये का जी?” मी गीतेच्या पंधराव्या अध्यायातला अश्वत्थ पुढे केला, त्याचीही मुळं वरच. “तो देवाचा हाये जी,” तो म्हणाला, “हा तर तुमीच काढला.”

फायरवॉल म्हणजे आग अडवणारी भिंत, असं सांगितलं तेव्हा तर वर्गच फुटला. वणवा भिंतीनं अडतो होय? फेब्रुवारीच्या मध्यावर आगीचा हंगाम लागतो. त्याआधी वनमजूर जाळरेषा काढतात. म्हणजे लांबच लांब पट्टा साफ करायचा आणि त्यावरचा पालापाचोळा आपणच जाळून टाकायचा. मग आग आली तरी तिला पुढे खायला काही उरत नाही. एका पोरीनं लगेच हिशेब जुळवला: “मंग फाइली आपणच आधी जाळून टाकाच्या न जी, चोराले काईच भेटत नाही.” ही पद्धत सरकार-दरबारी फार जुनी आहे, हे मी तिला सांगितलं नाही.

‘बग’ची गोष्ट मात्र मी रंगवून सांगतो. ९ सप्टेंबर १९४७. हार्वर्डचं मार्क-२ यंत्र, त्याच्या रिलेत अडकलेला पतंग, आणि तो काढून नोंदवहीत चिकटवणारी माणसं. (बिघाडाला ‘बग’ एडिसनही म्हणायचा, पण ते सांगितलं की गोष्टीतली मजा जाते.) वर्गावर परिणाम शून्य. पहिला पाऊस झाला की आमच्या ट्यूबलाइटखाली पंखवाल्या उधया थव्यानं येतात, पंख झटकतात आणि कीबोर्डाच्या फटींत शिरतात. दुसऱ्या दिवशी स्पेसबार दाबला की खालून पंख उडतात. अमेरिकेनं एक पाखरू जपून ठेवलं. आम्ही जपायचं म्हटलं तर हजेरीपटसुद्धा पुरायचे नाहीत.

मराठीला यंत्राशी बोलायला असली उसनवारी लागतच नाही. आपल्याकडे सगळं खाण्यावर चालतं. ॲप बॅटरी खातं, व्हिडिओ डेटा खातो, सर्व्हर वेळ खातो आणि विद्यार्थी माझं डोकं खातात.

मग आला क्लाउड. मे महिना, पारा सत्तेचाळिसाला टेकलेला, आणि मी सांगतोय की आपले फोटो ढगात असतात. सगळ्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. आभाळ कोरं करकरीत.

“ढग कोठं हाये जी?”

अरे, ढग म्हणजे लांब कुठंतरी मोठी इमारत, आत हजारो यंत्रं, रात्रंदिवस वीज ओढणारी.

“वीज कायची?”

पुष्कळशी कोळशाची. चंद्रपूरचं महाऔष्णिक केंद्र नाही का, २,९२० मेगावॅटचं.

मागच्या बाकावरून आवाज आला: “म्हंजे तुमचा ढग आमचा मामा खदानीतून काढते न जी!”

मामा रात्रपाळीला असतो म्हणे.