नानांचा पहिला धडा

वडाळे तलावाच्या काठी सकाळी चालणारे निम्मे लोक साखरेसाठी चालतात, निम्मे घरातल्या टीव्हीपासून पळून. शिकारी नाना मात्र माग काढत चालतात. चिखलात दोन फाकांचा खूर उमटलेला दिसला की थबकतात, गुडघ्यांवर हात टेकून वाकतात आणि खालच्या आवाजात सांगतात, "सांबर. नर. पहाटे पाण्यावर येऊन गेलंय." दहा पावलांवर बोकड बांधलेला असतो. त्याच्याकडे नाना बघत नाहीत.

हरणाच्या शिकारीची बाराखडी गिरवायची तर अख्ख्या पनवेलात गुरू एकच. अडचण इतकीच की वन्यजीव संरक्षण कायदा आला १९७२ साली आणि तेव्हा नाना सातवीत होते. नानांच्या सगळ्या शिकारी त्या आधीच्या. दप्तरात भूगोलाच्या पुस्तकाखाली काडतुसं असणार, दुसरं काय! हॉलमध्ये भिंतीवर शिंगं आहेत, ती सावंतवाडीची, लाकडी. खरी परवान्याशिवाय ठेवली तर वनखातं दारात येतं असं नाना म्हणतात, आणि ते खरं आहे. सध्या त्यांवर काकूंची भाजीची पिशवी असते.

"पहिला धडा, रानात तोंड बंद." हा धडा पाऊण तास चालतो. दुसरा वाऱ्याचा. हरणाला माणूस दिसायच्या आधी त्याचा वास लागतो, म्हणून वारा आपल्या तोंडावर हवा, पाठीवर नको. मग मचाण, मग हाका. हाकेवाले डबे बडवत रान उठवतात तो प्रसंग नाना कट्ट्यावर स्टीलचा डबा वाजवून दाखवतात, तेव्हा योगासनवाली मंडळी डोळे उघडतात. शेवटी नेम. "डोक्यावर नाही रे, फऱ्याच्या मागे. तिथे काळीज." फरा कुठे ते कळावं म्हणून ते समोरच्याच्या बगलेखाली बोट रुतवतात. माझ्या डाव्या बगलेत ते बोट चार वर्षं नेम धरून आहे.

गेल्या थंडीत सोसायटीतली दोन पोरं कॅमेरे घेऊन कर्नाळ्याला निघाली. नाना म्हणाले, जाणता माणूस बरोबर हवा. पळस्प्याला मिसळ झाली, जास्तीचा कांदाही झाला. वाऱ्याच्या धड्याचं तिथेच मातेरं झालं, पण बोलणार कोण? कर्नाळा १९६८ पासूनचं अभयारण्य, नाव पक्ष्यांचं. पण त्या रानात भेकरंही आहेत. नानांच्या पायात पांढरेशुभ्र बूट, खिशात खुळखुळणारा किल्ल्यांचा जुडगा. वाटेवर वनरक्षक भेटला, तोही चार पावलं बरोबर आला.

एका वळणावर नानांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. वारा बघायला खिशातून तपकिरीची डबी काढली, चिमूट हवेत सोडली. वारा होता बरोबर नानांच्या तोंडावर. शास्त्र तंतोतंत जुळलं. पाठोपाठ अशी शिंक आली की वरच्या फांदीवरचं वानर खाली बघू लागलं.

तेवढ्यात झुडपातून आवाज आला, "भॉक!" आणि पुन्हा, "भॉक!"

"हाड! हाड!" नाना ओरडले आणि दगडासाठी खाली वाकले. "इथेही कुत्री सोडलीत मेल्यांनी!"

शेळीएवढं तांबूस काहीतरी, शेपटीची पांढरी बाजू वर करून, दोन उड्यांत दरीकडे गेलं. पोरांच्या कॅमेऱ्यात नानांची शिंक तेवढी सापडली.

"आजोबा, भेकर होतं ते," वनरक्षक म्हणाला. "घाबरलं की असंच भुंकतं."

नानांनी दगड हळूच खाली ठेवला. रुमालाने सावकाश नाक पुसलं.

"मला सांगतोस? म्हणून तर हाकललं. हात आपोआप खांद्याकडे चालला होता माझा. कायदा आहे बाबा!"