एकहाती मालक

जुनी गाडी विकणारे लोक वेगळे आणि जुनी गाडी विकायला काढणारे लोक वेगळे. पहिल्यांना पैसे हवे असतात, दुसऱ्यांना गिऱ्हाईक हवं असतं. या दुसऱ्या जातीचा अस्सल नमुना पाहायचा असेल, तर पुणे-नगर रस्त्यावर सुप्याला उतरावं आणि कुणालाही 'नानांची मॅटॅडोर' म्हणून विचारावं. पत्ता सांगणारा आधी हसतो, मग विचारतो, "घ्यायला आलात का बघायला?" आणि उत्तराची वाट न पाहता स्वतःच सांगतो, "एकच आहे म्हणा ते."

नाना नगरच्या एमआयडीसीत टर्नर होते. १९८४ साली त्यांनी कोरी मॅटॅडोर घेतली. त्या काळी मॅटॅडोर म्हणजे वऱ्हाडाची, भाजीपाल्याची, प्रचाराची आणि रात्री-अपरात्री कुणी अडलंच तर बाळंतिणीची गाडी. नानांनी तिला यातलं काहीही करू दिलं नाही. त्यांनी सुतार बोलावला. आत दोन्ही अंगांना सागवानी बाकडी आली. मधली फळी ओढली की चौघांचं अंथरूण होतं. बाकांच्या पोटात कप्पे, कोपऱ्यात पितळी स्टोव्हसाठी पत्रा मारलेला ओटा, त्याच्या शेजारी तोटीचं पाण्याचं पिंप आणि स्टोव्हचा धूर जावा म्हणून टपाला पाडलेली एक खिडकी. बाहेरून सावलीसाठी ताडपत्री, तिच्या कड्यांना अजून मूळचीच सुतळी. या गाडीतून अष्टविनायक झाले, गाणगापूर झालं, काशी-रामेश्वरही झालं. हल्ली शहरातली मुलं अशा गाडीत राहण्याला आणि फिरण्याला इंग्रजी नाव देतात. नाना त्याला 'लॉजचा खर्च वाचवणे' म्हणत आले आहेत.

आता नाना पंचाहत्तरीला टेकले आहेत आणि गाडी विकायला काढली आहे. काढून बरीच वर्षं झाली. मागच्या काचेवर 'विकणे आहे' असं लिहिलेला पुठ्ठा आहे. तो उन्हाने विटला की नाना नवीन लिहितात. गाडी मात्र शेडमधून सहसा बाहेर निघत नाही, त्यामुळे तो पुठ्ठा वाचायलाही माणसाला नानांच्या अंगणात यावंच लागतं.

गिऱ्हाइकाला गाडी दाखवण्याआधी खुर्ची दाखवली जाते. "बसा पाव्हणं. घाई नाही ना?" घाई असलेलं गिऱ्हाईक इथेच बाद. मग चहा येतो आणि चहाबरोबर गाडीचं कुळ. एकदा पुण्याहून एक तरुण जोडपं आलं होतं. मुलगा भाबडेपणाने बोलून गेला, "खरं तर आम्हाला फोक्सवॅगनची जुनी कॅम्पर हवी होती, पण ती परवडत नाही. म्हटलं, तशीच दिसणारी ही बघू."

नानांनी कप बशीत ठेवला. "तशी दिसणारी? अहो, फोक्सवॅगनची ती व्हॅन कारखान्यातून बाहेर पडायला लागली १९५० साली. हॅम्बुर्गकडच्या टेम्पो कंपनीची मॅटॅडोर १९४९ची. म्हणजे ही थोरली! आणि पहिल्या मॅटॅडोरला इंजिन कुणाचं होतं? फोक्सवॅगनचंच. इंजिन द्यायला होते, आणि व्हॅन करायचं पुढल्या वर्षी सुचलं त्यांना." त्या मुलाने जर्मन कंपनीच्या वतीने मान खाली घातली.

यानंतर गाडी जर्मनीहून नगर जिल्ह्यात येते. बजाज टेम्पो कंपनी १९५८ची, भारतात मॅटॅडोर आली १९६९ला, हे सांगून नाना मुद्द्यावर येतात. "कंपनी उभी केली कुणी? नवलमल फिरोदियांनी. फिरोदिया कुठले? नगरचे! त्यांचे वडील कुंदनमलजी मुंबई विधानसभेचे सभापती होते. म्हणजे ही सभापतींच्या घरातली गाडी." सभापतीपदाची मुदत १९५२ला संपली आणि गाडी १९६९ला आली, अशी शंका कुणी काढली तर नाना म्हणतात, "घराणं घराणं असतं."

कुळ झालं की वही निघते. लाल बांधणीची, कोपरे झिजलेली. साखर कारखान्याच्या चेअरमनने सर्वसाधारण सभेत अहवाल वाचावा, तशी नाना ती वाचतात. विरोधकांना बोलायला वेळ न ठेवता. डिझेल किती, कुठे, काय भावाने. ऑइल कधी बदललं. कोणत्या टायरला कुठल्या गावाच्या अलीकडे खिळा लागला. एका पानावर फक्त 'इंदूर. फॅनबेल्ट. देवमाणूस भेटला.' एवढंच आहे. पण तो देवमाणूस तोंडी अर्धा तास चालतो. नानी आतून ओरडतात, "अहो, त्यांना इंदूरच्या आधी जेवायला तरी वाढू का?" चाळीस वर्षांत गाडीचं ऑइल एकदाही उशिरा बदललं गेलं नाही. नानींच्या चष्म्याचा नंबर मात्र दोनदा राहून गेला. ही नोंद वहीत नाही, नानींच्या तोंडपाठ आहे.

गाडी सुरू करून दाखवणं हा शेवटचा अध्याय, आणि तो सगळ्यांच्या नशिबी नसतो. नाना आधी चपला काढतात. चावी अर्धी फिरवून इंजिनाला हीटर देतात. त्या वेळी कुणी बोलायचं नाही. मग ते एकदम धडधडतं, ड्रायव्हरच्या शेजारचं झाकण थरथरतं, बाकाखालची भांडी किणकिणतात आणि नाना गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघतात. गाडी कशी आहे हे त्यांना ठाऊकच असतं. परीक्षा गिऱ्हाइकाची असते.

आणि गिऱ्हाइकं नापास होतात. हायवेला वडापावचा गाडा टाकू इच्छिणारा एक जण 'ही बाकडी काढून टाकू' म्हणाला आणि चहा अर्धा ठेवून गेला. लग्नाआधीचे फोटो काढणारा आला, त्याला गाडी विकत नको होती, एका दिवसासाठी हवी होती, तीही फुलं लावून. "धर्मशाळा आहे का ही?" भंगारवाल्याने किलोचा भाव सांगितला, तेव्हा नाना सगळ्यांत कमी रागावले. "निदान वजन तरी धरलं त्यानं," म्हणाले, आणि त्याला दुसरा चहा दिला.

किमतीचं शास्त्रही समजून घेण्यासारखं आहे. आकडा गिऱ्हाईक बघून ठरत नाही, मागचं गिऱ्हाईक बघून ठरतो. कुणी एक लाख म्हटलं की दुसऱ्या दिवसापासून 'लाख तर लोक दारात येऊन देतात' आणि भाव दीड. म्हणजे गाडी जितकी विकली जात नाही तितकी महाग होते. सुप्यात एमआयडीसी वाढली, जपानी कंपन्यांसाठी पार्क झालं, जमिनींचे भाव डोंगरावरच्या पवनचक्क्यांपर्यंत पोचले. नानांच्या मते मॅटॅडोरने त्या मानाने संयम पाळला आहे.

मध्यंतरी त्यांच्या पुतण्याने मोबाईलवर वाचून दाखवलं की २०२१ साली केंद्राने नियम केलाय. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेल्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. नानांनी तिथल्या तिथे हिशोब केला: २०३४. "आता विकणं म्हणजे कैऱ्या उतरवणं," म्हणाले. पुतण्याने पुढचं वाचलं: गाडी मूळ रूपात हवी, बॉडीच्या सांगाड्यात बदल नको. दोघांनी टपावरच्या खिडकीकडे पाहिलं. "धूर जायला वाट लागतेच," नाना म्हणाले, "सरकारला काय कळतं स्वयंपाकातलं?" शिवाय अशी नोंदणी झाली की गाडी रोज रस्त्यावर काढता येत नाही, असंही पुतण्या म्हणाला. ही अट मात्र नानांना जाचक वाटली नाही.

मग गेल्या उन्हाळ्यात खरंच एक जण आला. शिरूरकडचा, शांत गडी. कुळ ऐकलं, वही ऐकली, इंदूर ऐकलं, हीटरच्या वेळी गप्प बसला. चपला तर न सांगता काढल्या. नानांनी भाव अडीच सांगितला. त्याने पिशवी उघडून नोटा ओट्यावर ठेवल्या आणि म्हणाला, "नाना, टीटी फॉर्मवर सही करा."

आम्ही शेजारी श्वास रोखून उभे. नानींनी तर साखर वाटायला डबा काढला. नानांनी त्या माणसाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, नोटा उचलून त्याच्या पिशवीत परत ठेवल्या आणि आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

"अडीच लाख मागितले आणि हा घासाघीस न करता द्यायला निघाला. गाडीतलं काही कळत असतं, तर दिले असते का यानं?"

सध्या भाव तीन आहे.