शुगर-फ्री, पण पेढाच

खंडेनवमीला चाकणच्या शॉपफ्लोअरवर मशीनला झेंडूचा हार आणि माणसाला पेढ्याचा पुडा, हा रिवाज जुनाच. आता पुड्यावर ‘शुगर-फ्री’ छापलेलं असतं. मायक्रॉनची चूक खपवून न घेणारे आमचे क्वालिटीवाले साहेब तेवढं वाचून बिनधास्त चार पेढे उडवतात. मागची बारीक अक्षरं वाचायला व्हर्नियर लागत नाही, चष्मा पुरतो. पण तो नेमका लॉकरमध्ये!

त्या बारीक अक्षरांत साखरेऐवजी घातलेलं ‘माल्टिटॉल’ लिहिलेलं असतं. त्यात साखरेच्या निम्म्याहून जरा जास्तच कॅलरी. रक्तातली साखरही ते वाढवतंच, फक्त कमी. जास्त खाल्लं तर पोट सैल होतं, त्याचा प्रत्यय सेकंड शिफ्टला येतो. खव्यात दुधाची स्वतःची साखर असते, हे तर कुणी विचारतच नाही.

निगडीच्या दुकानातल्या खजूरबर्फीवर ‘साखर घातलेली नाही’ अशी पाटी. खरंच आहे. सुक्या खजुरात वजनाच्या ६० टक्क्यांहून अधिक साखर निसर्गानेच घालून ठेवलीय, हलवायाने कशाला घालावी?

साहेब, खायचाच तर साधा पेढा खा, अर्धाच खा. उरलेला पुडा गेटवरच्या सिक्युरिटीला द्या. त्याची शुगर अजून कुणी मोजलेली नाही.